आयांना कुणी विचारलं होतं?

गेल्या नोव्हेंबरात एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजातून फोन आला. "बालहक्क सप्ताह आहे मॅडम. तिसऱ्या वर्षाच्या समाजशास्त्राच्या मुलांना एक डॉक्युमेंटरी दाखवतोय, नंतर चर्चा. तुम्ही त्या क्षेत्रातल्या, तर या." 'ते क्षेत्र' कोणतं हे सरांनी काही उच्चारलं नाही, मीही उच्चारायला लावलं नाही. गेली अकरा वर्षं मी धंदा करणाऱ्या बायकांच्या एका वस्तीत काम करते. मुख्यतः त्यांच्या मुलांच्या शाळा, दाखले, वसतिगृहं. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर दोन वर्षांसाठी म्हणून आले होते, ती तिथेच राहिले.

माहितीपट होता 'बॉर्न इन्टू ब्रॉथल्स'. आपल्यापैकी काहीजणींनी तो शिबिरात पाहिला असेल. झाना ब्रिस्की ही छायाचित्रकार आणि रॉस कॉफमन या दोघांनी कोलकात्याच्या सोनागाचीत चित्रित केलेला, २००४ सालचा. २००५ मध्ये त्याला सर्वोत्तम माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. ब्रिस्की तिथल्या बायकांचे फोटो काढायला गेली, वस्तीत राहिली, मुलं तिच्याभोवती जमली. तिनं आठ मुलामुलींच्या हातात कॅमेरे दिले आणि फोटो काढायला शिकवलं. त्या फोटोंची प्रदर्शनं झाली, विक्री झाली, त्यातून मुलांच्या शिक्षणासाठी पैसे उभे राहिले. मुलांना वसतिगृहाच्या शाळेत घालण्यासाठी तिची चाललेली धावपळ, एका मुलाला ॲमस्टरडॅमला न्यायचं म्हणून त्याच्या पासपोर्टसाठी कचेऱ्यांत घातलेले हेलपाटे, हा चित्रपटाचा कणा आहे.

मी तो पहिल्यांदा एम.एस.डब्ल्यू. करताना पाहिला आणि चांगली रडले होते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की ही बाई पहिल्यापासूनच फार शहाणी.

तर कॉलेजातला हॉल. पडदे नीट लागत नव्हते, आवाज कधी यायचा कधी जायचा. मुलांचं इंग्रजी बेताचं, म्हणून सर मधे मधे थांबवून मराठीत सांगत होते. म्हणजे सोनागाचीतली बाई बंगालीत काही बोलली, त्याची खाली इंग्रजी अक्षरं आली, त्या अक्षरांचं सरांनी मराठी केलं, आणि ते मराठी मुलांनी 'त्या बायका असं बोलतात' म्हणून वहीत उतरवून घेतलं. एका ठिकाणी बायका मुलांवर खेकसतात, अर्वाच्य शिव्या देतात. तिथे सर म्हणाले, "इथे ती फार घाण बोलते, ते मी सांगत नाही." मुलं हसली. जे सांगितलं नाही ते अर्थातच सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

चित्रपट संपला. दिवे लागले. पाचसहा मुली ओढणीनं डोळे पुसत होत्या. सर उभे राहिले आणि म्हणाले, "बघा, परदेशातून एक बाई येते आणि एकटीच्या जिवावर काय करू शकते. आणि आपण? आपल्याच देशातली ही मुलं, यांच्या जन्मदात्यांनाही यांचं काही पडलेलं नाही." मग प्रश्न विचारा म्हणाले.

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, त्या आयांना कुणी विचारलं होतं का? तुमच्या शिव्या इंग्रजीत करून सगळ्या जगाला दाखवू का, असं?"

पुन्हा हसू. सर रागावले नाहीत. ते भले गृहस्थ आहेत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, ही डॉक्युमेंटरी आहे. डॉक्युमेंटरी म्हणजे काही सिनेमा नव्हे. जे आहे ते दाखवतात. ऑस्कर उगाच देतात का? काय मॅडम?"

आणि मॅडमनी काय केलं? मॅडम म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे, त्याच्याकडे आपण नंतर येऊ." शिबिरात अवघड प्रश्न टोलवायचा असला की आमचं हे ठरलेलं वाक्य. ती मुलगी खाली बसली.

ती मुलगी आमच्या वस्तीतली आहे. पाचवीपासून तिला ओळखते. तिची आई धंदा करते, त्याच पैशावर ती शिकते, आणि वर्गात हे कुणालाही ठाऊक नाही. तिनं प्रश्न विचारला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, की मी तिची बाजू उचलून धरली तर कुणीतरी दोन आणि दोन चार करेल. हे कारण खरं आहे. पण सरांना दुखवायचं नव्हतं, कारण त्या कॉलेजात आमच्या आणखी तीन मुलांचे प्रवेश आहेत आणि फी भरायला उशीर झाला तर सर सांभाळून घेतात, हेही कारण खरं आहे. दोन्हीतलं किती कोणतं, याचा हिशेब मला अजून लावता आलेला नाही.

सुटका झाली ती पुढच्या बाकावरच्या एका मुलामुळे. त्यानं सरळ विचारलं, "मॅडम, तुम्ही रोज बघता. हे किती टक्के खरं आहे?" टक्के! पण आता टोलवायला जागा उरली नव्हती.

मी म्हणाले, यात दाखवलेलं बहुतेक सगळं खरं असावं. बायका शिव्या देतात. आमच्याकडेही देतात, दोन वेळच्या चुलीपाशी आणि पाण्याच्या नळावर तर फारच. मारही असतो, दारू असते, बाराव्या वर्षी 'लाइनीत कधी बसणार' असं पोरीला विचारणारे लोक असतात. मुलांनी काढलेले फोटो तर अस्सल आहेत. त्यांतले काही इतके सुंदर आहेत की ते पाहिल्यावर शिकवणारीचं श्रेय नाकारता येत नाही. प्रश्न वेगळा आहे. जे खरं आहे त्यातलं काय उचललं आणि काय दाराबाहेर ठेवलं?

मग फळ्यावर वर्षं लिहिली. १९९२ मध्ये याच सोनागाचीत डॉक्टर स्मरजित जाना यांच्या पुढाकारानं एच.आय.व्ही. प्रतिबंधाचा प्रकल्प सुरू झाला, आणि त्यात गल्लीगल्लीतून काम करणाऱ्या कार्यकर्त्या होत्या धंद्यातल्याच बायका. १९९५ मध्ये या बायकांनी स्वतःची संघटना उभी केली, दुर्बार महिला समन्वय समिती. त्याच वर्षी त्यांची 'उषा' ही सहकारी संस्था निघाली, सावकाराच्या आणि मालकिणीच्या कर्जातून सुटण्यासाठी. नोंदणीच्या वेळी अडचण आली, तेव्हा गृहिणी म्हणून नोंदवून घ्या असा सल्ला मिळाला. बायकांनी तो मानला नाही, आम्ही जे आहोत तेच लिहा म्हणून अडून बसल्या. १९९७ मध्ये त्यांनी कोलकात्यात देशभरातल्या वेश्यांची परिषद भरवली. २००१ च्या मार्चमध्ये त्यांनी मेळा भरवला, त्याला २५,०००च्या आसपास बायका जमल्या. ३ मार्च हा जगभर लैंगिक कामगारांच्या हक्कांचा दिवस म्हणून पाळतात, तो या मेळ्यापासून. त्यांच्या मुलांसाठी त्यांनी वर्ग चालवले, बारुईपूरला वसतिगृह काढलं.

आता बघा. ब्रिस्कीचे फोटोचे वर्ग सुरू झाले साधारण २००० साली. म्हणजे ज्या काळात ही आठ मुलं कॅमेरा गळ्यात अडकवून त्या गल्ल्यांतून फिरत होती, त्याच काळात त्याच गल्ल्यांतून मोर्चे निघत होते, सभा होत होत्या, पासबुकं भरली जात होती. चित्रपटात यातलं अक्षरही नाही. संघटनेचं नावही नाही. पाहणाऱ्याला वाटतं, ही एक अंधारी विहीर आहे, तीत आठ मुलं पडली आहेत, आणि दोर घेऊन वर एकच माणूस उभं आहे. सरांना जे वाटलं ते त्यांच्या मनाचं नव्हतं, त्यांना तसंच वाटावं अशी ती बांधणी आहे.

सरांनी लगेच हरकत घेतली, आणि ती वाजवी होती. "मॅडम, विषय मुलांचा आहे. संघटनेचा नाही. सगळंच कसं दाखवणार?"

खरंच आहे. सव्वा-दीड तासात सगळं दाखवता येत नाही. पण मुलांचा विषय म्हटला की आया आल्याच. आणि इथे आया आहेत त्या केवळ अडथळा म्हणून. एखादी आजी नातीला शाळेत घालायला तयार होते, तेवढं दिसतं. एरवी बाई म्हणजे ओरडणारी, पिणारी, मुलीला ओढून नेणारी. शेवटी पडद्यावर प्रत्येक मुलाचं पुढे काय झालं याच्या ओळी येतात आणि काही मुलं शाळा सोडून परत आली हे त्या लपवत नाहीत, हा मोठेपणा कबूल करायला हवा. पण का परतली? आईनं काढून नेलं, नाहीतर स्वतःहून सोडली. झालं. मी अकरा वर्षांत कितीतरी मुलं वसतिगृहातून परत येताना पाहिली आहेत. कुणाला जेवताना वेगळं बसवत होते. कुणाच्या आईला दारातूनच भेटून जायला सांगत होते, आणि मुलगी रडत आली की 'अम्मा आत का येत नाही' म्हणून. अशा वेळी आईनं मुलीला काढून आणलं तर ते कागदावर 'पालकांनी नेले' एवढंच उरतं.

आणखी एक प्रसंग मी त्यांना आठवायला सांगितला. शाळेत प्रवेश हवा तर मुलांची एच.आय.व्ही. तपासणी करा अशी अट येते, आणि ब्रिस्की मुलांना घेऊन तपासणीला जाते. चित्रपटात तो काळजाचा ठोका चुकवणारा भाग आहे: निकाल काय येणार? वर्गातही सगळे श्वास रोखून होते. पण शाळेनं अशी अट घालावीच का, हा प्रश्न ना चित्रपट विचारतो, ना आमच्यापैकी कुणी तेव्हा विचारला. आज आपल्याकडे २०१७ चा एच.आय.व्ही. आणि एड्स कायदा आहे, २०१८ पासून लागू. शिक्षणासाठी अशी तपासणी सक्तीची करणं त्यानुसार बेकायदा आहे. म्हणजे एक अन्याय आपल्या डोळ्यांदेखत घडला आणि आपण तो उत्कंठा म्हणून पाहिला.

'डॉक्युमेंटरी म्हणजे जे आहे ते' हे सरांचं वाक्य मला सोडवत नव्हतं, म्हणून थोडं विषयांतर केलं. या प्रकारातला पहिला गाजलेला चित्रपट म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'नानूक ऑफ द नॉर्थ', १९२२ चा. बर्फाळ प्रदेशातल्या इन्युइट कुटुंबाचा. त्यातल्या नायकाचं नाव नानूक नव्हतं, पडद्यावरची बायको त्याची बायको नव्हती, आतलं चित्रण करता यावं म्हणून बर्फाचं घर अर्धंच बांधलं होतं, आणि बंदूक माहीत असलेल्या माणसांना भाल्यानं शिकार करायला लावली होती. मुलांना हे फार आवडलं. एकदम हॉलमध्ये जीव आला. खोटं पकडायला सगळ्यांना आवडतं. पण असली फसवणूक पकडायला सोपी. सोनागाचीच्या चित्रपटात कुणाला भाला दिलेला नाही. तिथे बंदूक चौकटीबाहेर ठेवली आहे, एवढंच.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ऑस्करच्या वेळीच यावर वाद झाला होता. दुर्बारच्या बायकांनी जाहीरपणे सांगितलं होतं की हे एकतर्फी चित्र आहे, आम्हाला मुलांची पर्वा नाही असं यात दिसतं. चित्रीकरणात दुभाष्याचं काम केलेल्या पार्थ बॅनर्जी यांनी २००५ च्या सुरुवातीला ऑस्कर अकादमीला पत्र लिहून मुलांची आयुष्यं सुधारली या दाव्याला आव्हान दिलं होतं. दुसरी बाजूही आहे: त्या आठातला एक मुलगा पुढे न्यूयॉर्कला जाऊन चित्रपटाचं शिक्षण घेऊन आला. ते ब्रिस्कीच्या कामाशिवाय झालं असतं असं म्हणण्यात अर्थ नाही. पण हा सगळा वाद एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात आम्हाला कुणी सांगितला नव्हता. आम्हाला चित्रपट दाखवला आणि 'तुमच्या भावना लिहा' म्हणून कागद दिले.

इथवर मी जरा रंगात आले होते. तेवढ्यात तोच टक्केवाला मुलगा पुन्हा उठला. त्याच्या हातात आमच्या संस्थेचं पत्रक होतं. मीच येताना वाटायला आणलेलं. "मॅडम, यात ही केस स्टडी आहे. 'सुनीता (नाव बदलले आहे)'. हिला विचारलं होतं का?"

मैत्रिणींनो, त्या क्षणी मला कळलं की मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलेला प्रश्न सोनागाचीपुरता नव्हता.

विचारलं होतं का? सही आहे आमच्याकडे. संमतीपत्रावर अंगठा आहे, फाइलमध्ये आहे. तो अंगठा उठवला तेव्हा त्या बाईच्या मुलाचा वसतिगृहाचा अर्ज आमच्याच टेबलावर होता. ती नाही म्हणाली असती का? नाव बदललं, पण चार मुलं, जळाल्याची खूण, कोणत्या गावच्या जत्रेत सोडलं ते, सगळं तसंच ठेवलं, कारण त्याशिवाय 'केस' उभी राहत नाही. सोबत फोटो आहे पाठमोरा. लाल रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या. वस्तीतल्या कुणालाही त्या वेण्या कुणाच्या ते सांगता येईल. आणि तिनं त्या वर्षी सहा महिने पतसंस्थेत नियमानं पैसे भरले, नळासाठी नगरपालिकेवर गेलेल्या बायकांत ती पुढे होती, हे आम्ही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर देणगीदाराचं मन पाघळलं नसतं. मी मुलाला म्हणाले, "विचारलं होतं, पण जसं विचारायला हवं तसं नाही." तो बसला. सर माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटतं त्यांना माझ्याबद्दल थोडी दया आली असावी.

त्या दिवसापासून सांगलीच्या बायका माझ्या मनातून हलत नाहीत. सांगलीत 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून काम करते, आणि तिथल्या धंदा करणाऱ्या बायकांची स्वतःची संघटना आहे, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, १९९६ पासूनची. २०१० मध्ये देवदासींवर 'प्रॉस्टिट्यूट्स ऑफ गॉड' नावाचा एक परदेशी माहितीपट आला. त्यात या बायकाही होत्या. त्यांनी तो पाहिला आणि काय केलं? निवेदन काढून गप्प बसल्या नाहीत. स्वतः कॅमेऱ्यासमोर उभं राहून त्या बाईला उत्तर दिलं. तू आमच्यात आलीस, आम्ही तुला आमचं समजून बोललो, आणि तू आमच्या जगण्याची, श्रद्धेची टिंगल केलीस. आमच्यातल्या एकीचा आजार जगजाहीर केलास, असा त्याचा आशय. माहितीपटाच्या प्रामाणिकपणावर आपल्या भागात झालेली ही मला माहीत असलेली सर्वांत स्पष्ट चर्चा, आणि ती कुठल्याही कॉलेजच्या हॉलमध्ये झाली नाही.

आपल्या चळवळीतल्या काहीजणी म्हणतील, आणि म्हणाल्याही: धंदा हीच मुळात हिंसा आहे, ती उघडी पाडणाऱ्या चित्रपटाचे दोष काढत बसलीस तर दलालांना बरंच वाटेल. धंद्याला काम म्हणायचं की अत्याचार, यावर आपल्यात तीसचाळीस वर्षं वाद चालू आहे आणि माझ्या या पानांनी तो मिटणार नाही. मीही पुष्कळ वर्षं या बाजूला आणि त्या बाजूला झुकत आले आहे. पण धंदा हिंसा आहे असं मानणारीनंही एवढं सांगावं, की त्या हिंसेतल्या बायकांनी स्वतः उभारलेलं काम पुसून टाकल्यानं हिंसा कमी कशी होते? त्यातून इतकंच होतं की पुढच्या छाप्याच्या वेळी पोलीस आणि संस्था दोघांनाही वाटतं, यांना विचारायचं काय, यांना काय कळतं. मुलं उचलून सुधारगृहात नेली जातात ती याच समजुतीवर. सर्वोच्च न्यायालयाला १९ मे २०२२ रोजी स्पष्ट बजावावं लागलं, की केवळ आई या व्यवसायात आहे म्हणून मूल तिच्यापासून तोडू नका, आणि छाप्यांच्या बातम्यांत बायकांची ओळख उघड करू नका. ज्या खटल्यात हे आदेश निघाले तोही कोलकात्याचाच, तिथे १९९९ मध्ये झालेल्या एका वेश्येच्या खुनाचा.

आणि कायदा तर अजून वेगळंच बोलतो. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं चौथं कलम असं, की अठरा वर्षांवरची जी व्यक्ती दुसऱ्याच्या वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जाणूनबुजून जगते ती गुन्हेगार. हे कलम दलालांसाठी केलेलं. पण आईच्या कमाईवर कॉलेजची फी भरणारी एकोणीस वर्षांची मुलगीही त्याच्या शब्दांत सापडते. मागच्या बाकावरून प्रश्न विचारणारी मुलगी त्या हॉलमध्ये केवढी जोखीम घेऊन उभी राहिली होती, हे तिथे फक्त तिला आणि मला ठाऊक होतं.

कार्यक्रम संपल्यावर एस.टी. स्टँडवर ती भेटली. मुद्दाम मैत्रिणींना पुढे पाठवून थांबली होती. मी म्हणाले, "अगं, माझं चुकलं. मी तुला खाली बसवलं." ती म्हणाली, "राहू दे ताई, बोलला तर खरं नंतर." मग थोड्या वेळानं म्हणाली, "माझी आई पण अशाच शिव्या देते. सकाळी उठल्यापासून. पण शिव्या देत देत डबा भरते ना. माझा, भावाचा. त्यांनी डब्याचा भाग कापला." गाडी आली आणि ती चढली.

सरांशी नंतर दोनदा बोलणं झालं. पुढच्या वेळी दोन चित्रपट लागोपाठ दाखवू असं मी सुचवलं आहे: हा, आणि शोहिनी घोष यांचा २००२ चा 'टेल्स ऑफ द नाइट फेअरीज'. तोही सोनागाचीचाच, दुर्बारमधल्या बायका त्यात स्वतः बोलतात. तोही काही दोषमुक्त नाही. संघटनेच्या आतली भांडणं, तिच्या बाहेर राहिलेल्या बायका त्यात फारशा सापडणार नाहीत. पण एकच वस्ती, जवळपास एकच काळ, आणि दोन वेगळी सोनागाची. मुलांनी ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. सर म्हणाले, दोन तासिका सलग मिळणं कठीण आहे, प्राचार्यांना विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

आमच्या संस्थेत मात्र थोडं हललं आहे. 'सुनीता'ची केस स्टडी नव्या पत्रकातून काढली. त्यावर बैठकीत दोन तास वाद झाला; ज्या कार्यकर्तीनं ती लिहिली होती ती दुखावली, आणि दुखावणं साहजिक आहे, कारण वाह वा करणाऱ्यांत मीच पहिली होते. आता ठरलं आहे की कुणाबद्दल काही लिहिलं किंवा चित्रित केलं तर ते आधी तिला वस्तीत बसून वाचून दाखवायचं, आणि ज्या महिन्यात तिचं काही काम आमच्याकडे अडलेलं असेल त्या महिन्यात सही मागायची नाही. हा दुसरा नियम पाळणं फार जड जातंय. अहवालाची तारीख जवळ आली की प्रत्येकीचं काहीतरी अडलेलंच असतं.

हा लेखही मागच्या बाकावरच्या मुलीला आणि तिच्या आईला वाचून दाखवला. मुलीनं दोन वाक्यं काढायला लावली आणि एक तपशील बदलायला सांगितला. आई म्हणाली, "शिव्या राहू दे. डबा पण राहू दे." तसं केलं आहे.